क्लेअर घराण्याचा माग: मध्ययुगीन इंग्लिश सरदार घराण्याची वंशावळ कशी शोधावी

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एखाद्या सरदार घराण्याची वंशावळ मांडायला बसणार असाल, तर आधी त्या घराण्याच्या जमिनींची यादी करा. माणसांची नावं नंतर येतील, आणि बरीचशी त्या जमिनींमागूनच येतील. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या सुरू झाल्या १५३८ मध्ये. त्याआधी जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद सरकार-दरबारी कोणी ठेवतच नव्हतं. नोंद व्हायची ती जमीन हातातून हातात गेली की, राजाला पैसे भरावे लागले की, कोर्टात कज्जा उभा राहिला की, किंवा आत्म्याच्या शांतीसाठी मठाला दान दिलं की. आपली सगळी वंशावळ या चार वाटांनीच बांधायची असते.

मी स्वतः बरीच वर्षं क्लेअर घराण्याच्या मागे आहे, त्यामुळे इथे उदाहरणं त्याच घराण्याची देते. सफक काउंटीतलं क्लेअर हे गाव आणि केंटमधला टनब्रिजचा किल्ला ही त्यांची जुनी ठाणी. पुढे हर्टफर्ड आणि ग्लॉस्टर अशा दोन अर्लपदव्या (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार) त्यांच्याकडे आल्या. नव्याने शिकणाऱ्याने असंच एखादं मोठं, भांडणांत अडकलेलं घराणं निवडावं असं माझं मत आहे. शांतपणे नांदलेल्या घराण्याचा कागद फार थोडा उरतो.

शेवटच्या माणसापासून सुरुवात

मूळ पुरुष शोधून खाली येण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. पुरुषवंश जिथे संपला तिथून सुरुवात करा, कारण वारस कोण हा प्रश्न जिथे अवघड झाला तिथे सर्वांत जास्त कागद निर्माण झाला. क्लेअर घराण्यात ही जागा अगदी ठळक आहे. तेवीस वर्षांचा गिल्बर्ट द क्लेअर, अर्ल ऑफ ग्लॉस्टर, २४ जून १३१४ रोजी बॅनकबर्नच्या लढाईत मारला गेला. त्याला जिवंत मूल नव्हतं, आणि मिळकत होती वर्षाला सुमारे ६,००० पौंड उत्पन्नाची.

थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस मेला की राजाच्या चॅन्सरीतून (दस्तकचेरीतून) एस्चीटर नावाच्या अधिकाऱ्याला हुकूम सुटायचा. एस्चीटर त्या त्या काउंटीतल्या स्थानिक माणसांना शपथेवर बसवून विचारायचा: मयताकडे कोणती जमीन होती, ती कोणाकडून आणि कोणत्या सेवेच्या बदल्यात, तो कोणत्या दिवशी वारला, आणि सगळ्यांत जवळचा वारस कोण, त्याचं वय काय. या कागदाला इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम म्हणतात. मी पुढे नुसतं ‘मृत्यूचौकशी’ म्हणेन. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून सतराव्या शतकापर्यंत या चौकश्यांची माळ आहे, आणि वंशावळ शोधणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही. मूळ कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये राजांच्या कारकिर्दीप्रमाणे लावलेले आहेत: तिसऱ्या हेन्रीचे सी १३२ मध्ये, पहिल्या एडवर्डचे सी १३३, दुसऱ्या एडवर्डचे सी १३४, तिसऱ्या एडवर्डचे सी १३५, आणि असंच पुढे.

गिल्बर्टच्या मृत्यूनंतर जितक्या काउंट्यांत जमीन होती तितक्या ठिकाणी चौकशी बसली. म्हणून एकच उत्तर वाचून थांबू नका, सगळ्या काउंट्यांची उत्तरं शेजारी ठेवा. बहुतेक ठिकाणी वारस म्हणून तीन बहिणी सांगितल्या आहेत: एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ. काही ठिकाणच्या लोकांनी मात्र तिसरीचं नाव इझाबेल सांगितलं. इझाबेल खरोखरच होती, पण ती गिल्बर्टची सावत्र बहीण. एकाच काउंटीचा कागद हाती आला असता तर एलिझाबेथ वंशावळीतून गायब झाली असती आणि इझाबेलला भलताच वाटा मिळाला असता. ते लोक खोटं बोलत नव्हते. आपल्या गावाची जमीन त्यांना पुरती ठाऊक होती, आणि दूरच्या सरदाराच्या बहिणींची नावं ऐकीव होती. मृत्यूचौकशी वाचताना हा फरक सतत मनात ठेवा: जमिनीबद्दलची साक्ष घट्ट, घरच्या माणसांबद्दलची त्याहून सैल.

वयाच्या बाबतीतही तेच. ‘तीस वर्षांचा आणि अधिक’ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, माणूस सज्ञान आहे एवढंच त्यांना सांगायचंय. पुरुष वारस २१ व्या वर्षी सज्ञान, मुलगी लग्न झालेली असेल तर १४ व्या. या मर्यादेच्या आतलं वय असेल, म्हणजे ‘मागच्या मायकलमासला (२९ सप्टेंबरच्या सणाला) सात वर्षांचा झाला’ असं काही, तर ते बहुधा काळजीपूर्वक सांगितलेलं असतं, कारण अज्ञान वारसाचं पालकत्व राजाकडे जायचं आणि त्यात पैसा होता. तो वारस सज्ञान झाला की वयाच्या पुराव्याची वेगळी चौकशी व्हायची. तिच्यात साक्षीदार सांगतात: त्या दिवशी माझा पाय मोडला, त्या आठवड्यात माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, म्हणून लक्षात आहे. वाचायला हे कागद फार जिवंत वाटतात, पण त्याच त्याच आठवणी वेगवेगळ्या गावांत शब्दशः सापडतात. जन्माची तारीख घ्या, आठवणीच्या गोष्टीवर इमारत बांधू नका.

वारसाची चौकशी एवढ्यावर संपलीच नाही. गिल्बर्टची विधवा मॉड हिने आपण गरोदर असल्याचं सांगितलं. मूल जन्मलं असतं तर बहिणींना काहीच मिळालं नसतं. मूल काही झालं नाही, तरी हा दावा दोन वर्षांहून जास्त काळ चालत राहिला, आणि वाटणी झाली ती १३१७ मध्ये. या मधल्या काळात दुसऱ्या एडवर्डच्या क्लोज रोल, पेटंट रोल आणि फाइन रोल या दरबारी नोंदींच्या गुंडाळ्यांमध्ये क्लेअर मिळकतीविषयी सारख्या नोंदी सापडतात. तुमच्या घराण्यातही मृत्यू आणि वाटणी यांच्यात असं मोठं अंतर दिसलं तर खूश व्हा आणि त्या वर्षांचे रोल ओळ न ओळ वाचा.

तारखा सोडवणं

कागदावर ‘१३१४’ असं लिहिलेलं सापडणार नाही. तिथे असेल ‘सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या जन्मदिनी, राजा एडवर्डच्या सातव्या वर्षी’. दुसऱ्या एडवर्डची कारकीर्द ८ जुलै १३०७ ला सुरू होते, म्हणून त्याचं सातवं वर्ष ८ जुलै १३१३ ते ७ जुलै १३१४. सेंट जॉनचा जन्मदिन २४ जून. जुळलं. पण कोणता एडवर्ड हे आधी ठरवावं लागतं. ‘राजा एडवर्डचा मुलगा राजा एडवर्ड’ असं लिहिलेलं असलं तर तो दुसरा. जॉन राजाची वर्षं तर ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजतात आणि तो सण दर वर्षी हलतो, त्यामुळे त्याचं एक वर्ष लांब, एक आखूड. आणखी एक गोष्ट: सन बदलायचा २५ मार्चला. फेब्रुवारीतला मृत्यू जुन्या हिशेबाने आदल्या सनात पडतो. मी प्रत्येक नोंदीत आधी मूळ तारीख जशीच्या तशी उतरवते आणि शेजारी आपली तारीख. हिशेबात शंका आली तर परत मुळाकडे जाता येतं.

एक एक पिढी मागे

आता गिल्बर्टचे वडील. तेही गिल्बर्टच, तांबड्या केसांमुळे ‘रेड अर्ल’ म्हणून ओळखले गेलेले, मृत्यू ७ डिसेंबर १२९५. त्यांची दोन लग्नं होती. पहिलं १२५३ मध्ये फ्रान्समधल्या लुझिन्यां घराण्यातल्या अ‍ॅलिसशी. ते मोडलं. त्यातून झालेल्या मुलींपैकी इझाबेल आपण वर पाहिली. दुसरं १२९० मध्ये पहिल्या एडवर्डची मुलगी जोन ऑफ एकर हिच्याशी, आणि १३१४ चा गिल्बर्ट व तिन्ही बहिणी या लग्नातल्या.

मग थोरली इझाबेल वारस का नाही? एक तर सावत्र भावाचा वारसा बहिणीला न देण्याकडे कायद्याचा कल होता. पण त्याहून पक्कं उत्तर १२९० च्या दस्तांत आहे. लग्नाच्या वेळी रेड अर्लने आपल्या सगळ्या जमिनी राजाच्या स्वाधीन केल्या आणि राजाने त्या नवरा-बायको दोघांच्या नावे, पुढे त्यांच्या पोटच्या संततीला, अशा अटीने परत दिल्या. पहिल्या लग्नाच्या मुली त्या क्षणी बाजूला पडल्या. अशा दस्ताला सेटलमेंट म्हणतात. जिथे थोरल्याला डावलून धाकट्याकडे जमीन गेलेली दिसते तिथे आधी सेटलमेंट शोधा, मगच औरस-अनौरस वगैरे तर्क करा.

या दस्ताचा आणखी एक परिणाम नवशिक्याला चकवतो. जमीन दोघांच्या नावे असल्याने रेड अर्लच्या मृत्यूनंतर ती जोनकडेच राहिली. तिने १२९७ मध्ये राल्फ द मॉन्थरमर या साध्या स्क्वायरशी गुपचूप लग्न केलं, आणि तिच्या हयातीत, म्हणजे १३०७ पर्यंत, राल्फलाच अर्ल ऑफ ग्लॉस्टर म्हणत. त्या दहा वर्षांतल्या कागदात ‘अर्ल ऑफ ग्लॉस्टर’ दिसला की तो क्लेअर रक्ताचा नाही. पदवीवरून माणूस ओळखू नका. त्या वर्षी ती पदवी कोणाच्या हक्काने कोणाकडे होती हे आधी ठरवा.

रेड अर्लच्या मागे रिचर्ड, मृत्यू १२६२, त्याच्या मागे गिल्बर्ट, मृत्यू २५ ऑक्टोबर १२३०, त्याच्या मागे रिचर्ड, मृत्यू १२१७. इथे मठांच्या बखरी मदतीला येतात. ट्यूक्सबरीच्या मठाला क्लेअर अर्लांचा आश्रय होता, त्यांच्यातले अनेक तिथेच पुरले गेले, आणि तिथल्या भिक्षूंनी आपल्या वार्षिकीत या घराण्यातले जन्म आणि मृत्यू तारखेनिशी टिपून ठेवले. म्हणून आपल्या घराण्याचा मठ कोणता हे लवकर शोधून काढा. मठाची वार्षिकी समकालीन असेल तर सोनं आहे. पण त्याच मठात पुढे शंभर-दोनशे वर्षांनी लिहिलेली ‘आमच्या आश्रयदात्यांची वंशावळ’ असेल तर तिच्या पहिल्या पिढ्यांवर विसंबू नका. लिहिणाऱ्याच्या आजोबांच्या काळापर्यंतचं बहुधा खरं, त्यामागचं जुळवलेलं.

रिचर्डचं (१२६२ चा) उदाहरण लग्नांच्या बाबतीत शिकण्यासारखं आहे. बाप वारला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तो ह्युबर्ट द बर्गच्या पालकत्वाखाली गेला, आणि ह्युबर्टच्या मुलीशी, मार्गारेटशी, त्याचं लहानपणीच गुपचूप लग्न लागलं. ती १२३७ मध्ये वारली, आणि पुढच्याच वर्षी मॉड द लेसीशी त्याचं लग्न झालं. त्याचा मुलगा रेड अर्ल पहिल्या लग्नाच्या वेळी जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. तेव्हा लग्नाच्या वर्षावरून जन्मवर्षाचा अंदाज बांधू नका. पहिल्या अपत्याच्या जन्मावरून बांधलेला अंदाज थोडा तरी टिकतो. दोन पिढ्यांत सतरा-अठरा वर्षांहून कमी अंतर पडलं तर सावध व्हा. बहुधा एखादी पिढी गळली आहे, किंवा मूल दुसऱ्या लग्नाचं आहे.

ग्लॉस्टरची अर्लपदवी १२१७ च्या सुमाराला क्लेअरांकडे आली ती १२३० मध्ये वारलेल्या गिल्बर्टच्या आईकडून, अमिशियाकडून. तिचे वडील विल्यम, अर्ल ऑफ ग्लॉस्टर, ११८३ मध्ये वारले आणि मागे तीन मुली राहिल्या. त्यांतली इझाबेल तर जॉन राजाची पहिली बायको. बहिणींचे वंश खुंटत गेले तशी मिळकत अमिशियाच्या मुलाकडे गोळा झाली. मोठ्या घराण्यांची वाढ अशीच होते, आणि म्हणून पुरुषवंशाचा सरळ खांब काढून मोकळं होणारी वंशावळ मला अर्धीच वाटते.

१२३६ च्या आधीचा अंधार

मृत्यूचौकश्या संपल्या की काम एकदम कठीण होतं. इथे दर पिढीला वेगळं हत्यार लागतं.

पाइप रोल म्हणजे राजाच्या खजिन्याचा वार्षिक हिशेब. ११३० चा एक सुटा रोल उरला आहे आणि ११५५-५६ पासून जवळजवळ अखंड मालिका मिळते. वारस जमिनीवर येताना राजाला रिलीफ नावाची रक्कम भरायचा. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने अर्ल आणि बॅरन यांच्यासाठी ती १०० पौंडांवर बांधून टाकली, त्याआधी राजाच्या मर्जीवर होती. रिलीफची नोंद सापडली की एक माणूस मेला आणि दुसरा त्याच्या जागी आला हे दोन्ही एका ओळीत मिळतं. मार्क या हिशेबी नाण्यात रक्कम असेल तर एक मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड.

११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने सगळ्या मोठ्या जमीनधारकांना विचारलं, तुमच्या हाताखाली किती नाइट (जमिनीच्या बदल्यात लढणारे घोडेस्वार) आहेत, आणि त्यांतले पहिल्या हेन्रीच्या मृत्यूआधी म्हणजे ११३५ आधी बसवलेले किती. त्यांनी पाठवलेली उत्तरं आजही वाचता येतात, आणि घराण्याच्या हाताखालची माणसं त्यांत नावानिशी मिळतात. ११८५ ची विधवा आणि अज्ञान वारसांची यादी १२ काउंट्यांपुरतीच आहे, पण तिच्यात बायकांची वयं, मुलांची संख्या आणि कधी कधी मुलीचा बाप कोण हेही लिहिलंय. बाराव्या शतकातल्या बाईचं वय दुसरीकडे कुठे सापडणार? माझ्या दृष्टीने ही यादी आकाराने लहान असूनही त्या शतकातली सगळ्यांत मौल्यवान आहे.

मठांना दिलेली दानपत्रं मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्यावा अशी. दान देणारा लिहितो: माझ्या वडिलांच्या, आईच्या, बायकोच्या, भावाच्या आत्म्यासाठी. आईचं नाव अनेकदा एवढ्या एका जागी मिळतं. खाली साक्षीदारांची रांग असते, तिच्यात ‘माझा भाऊ वॉल्टर’ असे शब्द येतात. आत्म्यासाठी म्हटलं म्हणजे माणूस मेलेलाच असं नाही, जिवंत राजासाठीही असं लिहीत. क्लेअरांनी क्लेअरच्या किल्ल्यातल्या आपल्या प्रायरीला (लहान मठाला) ११२४ मध्ये जवळच स्टोक इथे हलवलं, आणि तिच्या दानपत्रांची नोंदवही छापील स्वरूपात मिळते. अशा नोंदवहीत मूळ दानपत्राची नक्कल असते, आणि नक्कल करणारा भिक्षू साक्षीदार गाळू शकतो. मठाच्या हक्काला सोयीची खोटी दानपत्रंही तयार होत असत. मूळ आणि नक्कल दोन्ही उपलब्ध असतील तर मूळच पाहा.

आता क्लेअरांचा खरा गुंता. आजोबा रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट (‘फिट्झ’ म्हणजे मुलगा), बाप गिल्बर्ट फिट्झ रिचर्ड, मुलगा परत रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट. पहिला रिचर्ड १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, आहे. दुसऱ्याला एप्रिल ११३६ मध्ये वेल्श लोकांनी मारलं. आणि तिसराही एक रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट आहे, दुसऱ्याचा पुतण्या, जो आयर्लंडमध्ये गेला, लेन्स्टरच्या राजाची मुलगी इफा हिच्याशी लग्न केलं आणि ११७६ मध्ये वारला. लोक त्याला स्ट्राँगबो म्हणून ओळखतात. नाव, बापाचं नाव, घराणं सगळं सारखं. सुटका फक्त जमीन करते. क्लेअर आणि टनब्रिज थोरल्या शाखेकडे, चेपस्टो धाकट्या शाखेकडे. कागदात कोणत्या गावाबद्दल बोलणं चाललंय, साक्षीदार कोणत्या भागातले आहेत, बायकोचं नाव काय, एवढं लावून पाहिलं की रिचर्ड आपापल्या जागी बसतात. मी प्रत्येक रिचर्डला मृत्यूच्या सनावरून ओळखते, रिचर्ड ११३६, रिचर्ड ११७६, आणि जोपर्यंत ओळख पटत नाही तोपर्यंत त्या कागदातल्या माणसाला कोणालाच जोडत नाही, बाजूला ठेवते.

नात्याचा पुरावा कधी कधी शंभर वर्षांनी उगवतो. डूम्सडेमध्ये हर्टफर्डशायरमधलं स्टँडन हे गाव ‘रिचर्ड फिट्झ गिल्बर्टची बायको रोहेज’ हिच्याकडे आहे. ती जिफर्ड घराण्यातली. तिच्या माहेरचा शेवटचा वॉल्टर जिफर्ड, अर्ल ऑफ बकिंगहॅम, ११६४ मध्ये निपुत्रिक वारला आणि मिळकत राजाकडे पडून राहिली. पुढे ११८९ मध्ये पहिल्या रिचर्ड राजाने ती दोन भागांत वाटली: एक भाग क्लेअरांच्या थोरल्या शाखेच्या रिचर्डला, दुसरा विल्यम मार्शलला, कारण त्याची बायको इझाबेल ही स्ट्राँगबोची मुलगी. दोघांचाही हक्क रोहेजपासून चालत आलेला. पणज्यांच्या पलीकडचं नातं लोकांनी सांभाळून ठेवलं होतं ते जमिनीच्या आशेनं, आणि त्यांच्या त्या दाव्यामुळे दोन्ही शाखा एकाच जोडप्यापासून निघाल्याचं आपल्याला आज दाखवता येतं.

धाकटे मुलगे आणि मुली

मृत्यूचौकशी वारस सांगते, भावंडं सांगत नाही. थोरला मुलगा जिवंत असला की बाकीचे पाच कागदातून नाहीसे होतात. त्यांना शोधायला फीट ऑफ फाइन्स हाताळा. कोर्टात जमिनीचा समझोता झाला की एकाच चर्मपत्रावर तो तीनदा लिहायचे, दोन्ही पक्षांना एकेक तुकडा, आणि तळाचा कोर्टाकडे. ११९५ पासून हे तळाचे तुकडे पद्धतशीर ठेवले गेले. धाकट्याला दिलेली दोन गावं, मुलीला लग्नात दिलेली जमीन, यांतच सापडते. लग्नात दिलेल्या जमिनीचा माग काढणं हे बायकांचं माहेर शोधण्याचं माझं आवडतं साधन आहे: एखादं लहानसं गाव अचानक दुसऱ्या घराण्याच्या यादीत दिसलं, पूर्वी ते क्लेअरांकडे होतं, तर मधे एक मुलगी गेली असण्याची दाट शक्यता. शक्यताच म्हणते. विक्री, गहाण, सेवेचं बक्षीस ही कारणंही तपासावी लागतात.

विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळायचा. तो मिळवायला तिला अनेकदा कोर्टात जावं लागायचं, आणि त्या दाव्यात ती आधीच्या नवऱ्यासकट सगळी नावं सांगते. कॉमन प्लीज या दिवाणी कोर्टाचे रोल, सी पी ४० ही मालिका, या कामाला अमोल आहे. त्यांची छायाचित्रं ह्यूस्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. पिढ्यांचे दावे असतात तिथे पक्षकार आपली वंशावळ तोंडाने सांगतो, पाच-पाच पिढ्या. ती त्याच्या फायद्याची असते, पण समोरचा पक्ष ती खोडायला टपलेला असतो, म्हणून मला ती घरगुती वंशावळीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

बाईचं नाव किती प्रकारे येईल हे आधीच लिहून ठेवा. १३१४ ची एलिझाबेथ तीनदा विधवा झाली: जॉन द बर्ग, थिओबाल्ड द व्हर्डन, रॉजर डॅमोरी. कागदांत ती बहुतेक एलिझाबेथ द बर्ग किंवा लेडी ऑफ क्लेअर म्हणून येते. केंब्रिजचं क्लेअर कॉलेज तिच्याच नावाचं, आणि तिच्या घरखर्चाच्या वह्या इतक्या मोठ्या प्रमाणावर उरल्या आहेत की त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही बाईबद्दल आपल्याला क्वचितच इतकं ठाऊक असेल. फक्त ‘डॅमोरी’ शोधत बसलात तर ती हाताशी लागणारच नाही.

आडनावाचाही भरवसा धरू नका. पहिल्या रिचर्डचा धाकटा मुलगा रॉबर्ट, त्याच्या वंशजांना पुढे फिट्झवॉल्टर म्हणू लागले. १२१५ मध्ये जॉनविरुद्ध उठलेल्या बॅरनांचा म्होरक्या रॉबर्ट फिट्झवॉल्टर हा रक्ताने क्लेअरच. इथे ढालीवरची चिन्हं मदत करतात: क्लेअरांची सोनेरी जमिनीवर तीन तांबडे शेव्हरन (उलट्या ‘V’ सारखे पट्टे), फिट्झवॉल्टरांचे त्याच रंगांत दोन शेव्हरन आणि मधे आडवा पट्टा. चिन्हांचं साम्य नातं सुचवतं, सिद्ध करत नाही. मालक आणि त्याच्या नाइटांच्या ढालीही अशाच मिळत्याजुळत्या असत.

कशावर विश्वास ठेवू नये

१५३० ते १६८८ या काळात हेराल्ड नावाचे अधिकारी काउंटी-काउंटीत फिरून घराण्यांच्या वंशावळी नोंदवत. त्यांच्या वह्यांतल्या शेवटच्या तीन-चार पिढ्या उपयोगाच्या असतात. त्यामागे नॉर्मन विजेत्यापर्यंत नेलेली शिडी बहुधा पैसे देऊन रंगवलेली. डेन्बीच्या अर्लांचं फील्डिंग घराणं हॅब्सबर्ग सम्राटांच्या रक्ताचं असल्याचा दावा कितीतरी काळ छापला गेला, आणि त्यामागचे दस्त बनावट असल्याचं जे. होरेस राउंड या इतिहासकाराने दाखवून दिलं. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर हेस्टिंग्जच्या लढाईला कोण होतं याच्या ‘बॅटल अ‍ॅबी’च्या याद्याही तशाच. समकालीन पुराव्याने सिद्ध होणारी नावं फारच थोडी आहेत.

दि कम्प्लीट पीअरेज हा बहुखंडी ग्रंथ जरूर उघडा. त्याच्या तळटीपा हीच त्याची खरी संपत्ती. पण त्याचा विषय पदवीधारक आहेत, धाकटी भावंडं नव्हेत, आणि १९९८ मध्ये निघालेला दुरुस्त्यांचा खंड शेजारी ठेवल्याशिवाय त्यातली तारीख उतरवू नका. इंटरनेटवरच्या तयार झाडांतून एकच गोष्ट घ्या: कोणत्या कागदाचा हवाला दिलाय. हवाला नसेल तर पान बंद करा.

प्रत्यक्ष बसायचं कसं

घरबसल्या खूप काही होतं. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीचे खंड आहेत, त्यांत गावागणिक जमिनीचा मालक कोण कोण होत गेला हे सांगितलंय. माझं काम नेहमी तिथून सुरू होतं. तिसऱ्या हेन्रीचे फाइन रोल इंग्रजी भाषांतरासह उपलब्ध आहेत. मृत्यूचौकश्यांचे छापील इंग्रजी सारांश सोयीचे आहेत, पण जुन्या खंडांत चौकशीला बसलेल्या माणसांची नावं गाळलेली आहेत, जमिनीचं सविस्तर मोजमापही. वारसाबद्दल शंका असेल तर मूळ चर्मपत्र पाहणं भाग आहे. क्यूला वाचकाचं कार्ड मोफत मिळतं, कागद आधी मागवून ठेवता येतात, शाई चालत नाही, पेन्सिल चालते, आणि आपल्या कॅमेऱ्याने छायाचित्रं काढता येतात. मी तिथे वाचत बसत नाही, नीट उजेडात छायाचित्रं काढते आणि वाचन घरी सावकाश करते.

लॅटिनची धास्ती घेऊ नका. या कागदांतलं लॅटिन ठरावीक साच्याचं आहे, आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी मोफत धडे आहेत. अडचण शब्दसंक्षेपांची होते. एकाच कारकुनाचे दहा कागद ओळीने वाचले की हात ओळखीचा होतो. नात्याचे शब्द मात्र ताणून वाचू नका: ‘नेपोस’ म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातू, यांतलं कोणतंही.

प्रत्येक दुव्याला एक कार्ड करा: अमका हा अमक्याचा मुलगा, कोण म्हणतं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि असं म्हणण्यात त्याचा काय फायदा होता. हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही कार्डं ठेवा, एक फाडू नका. आणि झाडावर सिद्ध दुवा सलग रेघेने, संभाव्य दुवा तुटक रेघेने काढा. तुटक रेघांची लाज वाटायचं काहीच कारण नाही. बाराव्या शतकातल्या झाडावर त्या नसतील तर मलाच शंका येते.

मागे जाणं डूम्सडेपर्यंत झालं की परत १३१४ ला या आणि तीन बहिणींबरोबर पुढे चला. एलिनॉर डिस्पेन्सर घराण्यात गेली आणि १३३७ मध्ये वारली. मार्गारेटचा वाटा तिच्या मुलीकडून स्टॅफर्ड घराण्यात गेला. एलिझाबेथ १३६० पर्यंत जगली. तिचा मुलगा १३३३ मध्येच मारला गेलेला, म्हणून वारस ठरली नात. या नातीचं लग्न तिसऱ्या एडवर्डचा मुलगा लायनेल याच्याशी झालं, आणि क्लेअर गावावरून त्याची क्लॅरेन्सची ड्यूकपदवी आली. त्यांची मुलगी मॉर्टिमरांच्या घरी गेली, आणि तिथून हा वारसा यॉर्क घराण्यात, १४६१ मध्ये राजा झालेल्या चौथ्या एडवर्डपर्यंत पोचला. तिन्ही बहिणींच्या मृत्यूचे कागद सी १३५ मध्ये आहेत. एलिझाबेथपासून सुरुवात करा, तिच्या काउंट्या जास्त आहेत आणि पडताळायला घरखर्चाच्या वह्याही आहेत.